गायमुखच्या चढावर तिसरा गिअर : एका पिकअपचं प्रकरण

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून मिरा-भाईंदरकडे माल टाकणारी एक पिकअप घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात गरम व्हायला लागली. एव्हरेज पडला आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या जाळीचा, दिवा सारखा पेटू लागला. मालकाला आधी टर्बोचा संशय आला, मग ड्रायव्हरचा. दोन गॅरेजं पालथी घातली, एअर फिल्टर बदलला, डिझेलच्या टाकीला कुलूप लावलं, तरी फरक शून्य. शेवटी सगळं येऊन थांबलं ते गिअर कुठल्या क्षणी बदलायचा या एका गोष्टीपाशी, आणि त्या बाबतीतला चुकीचा हुकूम ड्रायव्हरच्या डोक्यातून आलेला नव्हता.

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ड्रायव्हरांना गाडी नीट वापरायला शिकवणं हे माझं काम. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण हाच हुकूम ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी मालकांच्या मोबाइलवरून रोज सुटत असतो.

गाडी, माल, रस्ता

गाडी म्हणजे ज्याला रस्त्यावर सगळे नुसतं ‘पिकअप’ म्हणतात तीच. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना, प्रदूषणाचा नियम बीएस-६. इंजिनची खरी ओढ, म्हणजे टॉर्क, १४०० ते २२०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) पट्ट्यात मिळते, जवळपास १९५ न्यूटन-मीटर. जास्तीत जास्त पॉवर मात्र ३२०० ला. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यांचाच आहे.

हौद्यात कांद्याच्या साधारण तीस गोण्या, एकेक पन्नास किलोची. म्हणजे दीड टन. रिकामी गाडी पावणेदोन टनांच्या आतली. ड्रायव्हर आणि सोबतचा क्लीनर धरून चाकांवर सव्वातीन टनांच्या थोडं खाली वजन. हे पासिंगमध्ये बसणारं आहे, म्हणून ओव्हरलोडचा मुद्दा इथेच बाजूला ठेवतो.

रस्ता असा : तुर्भ्याहून ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोलीचा पूल, मुलुंड, पूर्व द्रुतगती मार्गानं तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, तिथून घोडबंदर रस्ता. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा. इथपर्यंत सिग्नल, उड्डाणपूल आणि मेट्रोच्या खांबांची सोबत. ओवळ्यानंतर गायमुख येतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि मध्ये हा चढ. सह्याद्रीतले घाट उतरलेल्या माणसाला हा घाट म्हणायलाही संकोच वाटेल, इतका तो छोटा आहे. पण पुढे कंटेनर रांगत असतो, रस्ता उखडलेला असतो आणि चढाच्या पायथ्याशी गाडीला जोर घ्यायला जागाच मिळत नाही. ठाण्यात ‘घाटात गाडी बंद पडली’ असं कुणी म्हटलं की कुठला घाट हे विचारावं लागत नाही.

संशय कुणाकुणावर

गॅरेजवाल्यांनी त्यांचं काम बरं केलं होतं, हे सांगायला हवं. टर्बोकडून येणारा रबरी पाइप कुठे फाटलाय का ते बघितलं, कूलंटची पातळी बघितली, थर्मोस्टॅट तपासला. रेडिएटरच्या जाळीत मार्केटमध्ये उडणारी कांद्याची टरफलं चिकटून बसली होती, ती हवा मारून काढली. त्यानं तापमानाचा काटा थोडा खाली आला, पण घाटात पुन्हा वर. क्लच प्लेट मात्र अर्ध्याहून जास्त झिजलेली निघाली. तिच्या मानानं ती लवकरच झिजली होती.

मग मालकानं ड्रायव्हर बदलून बघितला. त्यांच्याकडे शिळफाटा-मुंब्रा बायपासवर चालणारे एक जुने ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी तीच गाडी, तोच माल, तोच गायमुख केला. काटा मधून हलला नाही. दिवाही एकदा पेटून आपोआप विझला.

“बघा, मी म्हणत नव्हतो? पोरगं डिझेल विकतंय,” मालकाचा निष्कर्ष तयार.

पण डिझेल चोरलं म्हणून गाडी गरम होत नाही. एव्हरेज पडण्याला चोरी हे कारण असू शकतं, काटा वर जाण्याला नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्यात, त्यात झिजलेला क्लच आणि डीपीएफचा दिवा, म्हणजे चौघांचं मूळ एक असण्याची शक्यता जास्त. टाकीला कुलूप लावल्यावरही हिशेब तसाच राहिला होता, त्याकडे मालकांनी सोयीस्कर दुर्लक्ष केलं.

मी ठरवलं, पोराच्या शेजारी बसून एक फेरी करायची. पोरगा जुन्नरकडचा, पंचविशीचा, हात साफ. ब्रेक हळू मारतो, कट मारत नाही, हॉर्नवर बसत नाही. अशा ड्रायव्हरवर चोरीचा आळ आला की त्याचं तोंड कसं होतं ते वेगळं सांगायला नको. पहिले दोन-तीन किलोमीटर तो माझ्याशी बोललाच नाही.

घाटात काय दिसलं

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच पहिली गोष्ट डोळ्यात भरली. गिअर फार भराभर वर जात होते. गाडीनं तिशी गाठली की तिसरा, चाळीसला चौथा, पन्नासला टॉप, म्हणजे पाचवा. प्रत्येक वेळी नवा गिअर पडला की आरपीएमचा काटा १३०० च्या आसपास येऊन बसायचा, इंजिन एक जाड हुंकार द्यायचं आणि मग हळूहळू वेग धरायचं. सपाट रस्त्यावर हे चालून जातं. सिग्नलवर आणखी एक सवय दिसली. गाडी पुरती थांबली नसेल तर तो तिला दुसऱ्यातच उठवायचा, अर्ध्या क्लचवर. क्लच प्लेटचं कोडं तिथेच सुटलं.

ओवळा सोडलं तेव्हा गाडी चाळीसवर, चौथ्या गिअरला. चढ लागला, पुढे ट्रेलर. वेग उतरत गेला. पस्तीस. बत्तीस. तोवर त्यानं गिअरला हात लावला नाही, फक्त रेस दाबत गेला. तीसला तिसरा टाकला. क्लच दाबून सोडेपर्यंत वेग सव्वीसवर आला. मग पाय पार खाली, पॅडल फरशीला टेकलेलं, आणि गाडी तेवीसवर चिकटून बसली. आरपीएम जेमतेम हजार. गिअरच्या दांड्याची मूठ थरथरत होती, आरशातलं मागच्या रिक्षाचं चित्र फाटलेलं दिसत होतं आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मूर्तीपुढचं प्लास्टिकचं फूल सरकत सरकत काचेपर्यंत गेलं. आवाज मोठा नव्हता. दबलेला, खालून येणारा, ढबढब असा. बहुतेक जण याला गाडी ‘आरामात चाललीय’ असं समजतात.

“अरे, दुसरा टाक की,” मी म्हटलं.

“दुसऱ्याला इंजिन ओरडतं साहेब. शेठ म्हणतात, ओरडलं म्हणजे डिझेल प्यायलं.”

वळणावर पोचेपर्यंत तापमानाचा काटा मध्य सोडून वर निघाला होता.

माथ्यावर गेल्यावर त्यानं मोबाइल दाखवला. मालकानं सगळ्या ड्रायव्हरांना पाठवलेला मेसेज : तीसला तिसरा, चाळीसला चौथा, पन्नासला टॉप. काटा दोन हजारच्या वर जाता कामा नये. महिन्याला ज्याचा एव्हरेज चांगला त्याला बक्षीस. पोरानं हा मेसेज अक्षरशः पाळला होता. तात्यांनी तो उघडूनही बघितला नव्हता.

दोन हजारचा नियम कुठे खरा, कुठे खोटा

मालकानं नियम हवेतून आणलेला नाही. डिझेल इंजिन कमी आरपीएमवर, पण बऱ्यापैकी ओझ्याखाली, सगळ्यात काटकसरीनं चालतं. उगाच २८०० ला ताणलं तर इंजिनची स्वतःची घासाघीस वाढते आणि तिथे डिझेल जातं. परतीच्या फेरीला, रिकाम्या गाडीनं, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सपाटीवर त्यांचा मेसेज जवळपास बरोबर आहे. डॅशबोर्डवर वरचा गिअर घ्या म्हणून सांगणारा जो छोटा बाण असतो, तोही याच विचारानं लावलेला असतो. पुढे चढ येतोय हे त्या बाणाला दिसत नाही.

अडचण अशी की नियम ‘कुठे सोडायचा’ ते सांगतो, ‘कुठे पडेल’ ते सांगत नाही. गिअर बदलल्यावर काटा ज्या जागी येऊन पडतो ती जागा महत्त्वाची. आणि दोन गिअरांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं.

या गाडीचं गणित मी तिच्या टायरवरून आणि गिअरच्या गुणोत्तरांवरून ढोबळ मांडलं. इंजिनच्या दर हजार फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी ८ किलोमीटर जाते, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात २२, चौथ्यात ३१, टॉपला साडेअडतीस. आता बघा. पहिल्यात दोन हजारला सोडली तर दुसऱ्यात काटा ११५० च्या आत पडतो. दुसऱ्यात दोन हजारला सोडली तर तिसऱ्यात १३०० च्या खाली. पण तिसऱ्यात दोन हजारला सोडली तर चौथ्यात १४०० च्या वर, आणि चौथ्यातून टॉपला १६००. खालच्या गिअरांमध्ये पायऱ्या उंच आहेत, वरच्यांमध्ये बुटक्या. म्हणून सगळ्यांना एकच दोन हजार लावला की वरचे गिअर ठीक पडतात आणि खालचे खड्ड्यात. नेमकं जिथे वजन उचलायचं असतं तिथेच खड्डा.

१४०० च्या खाली काय बिघडतं? टर्बो फिरतो तो इंजिनच्या धुरावर. फेऱ्या कमी म्हणजे धूर कमी, म्हणजे टर्बो सुस्त, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा अपुरी. जुन्या गाडीत अशा वेळी रेस दाबली की मागून काळा ढग निघायचा. बीएस-६ गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर हवा मोजून तेवढंच डिझेल देतो, त्यामुळे ढग दिसत नाही. पाय फरशीला टेकवा नाहीतर अर्ध्यावर ठेवा, गाडीला काही फरक पडत नाही. घाटात पोराचा पाय खाली गेला होता तो वाया गेलेला पाय होता.

चढाचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. चढ शंभर मीटरला सहा मीटर धरू. सव्वातीन टनांच्या गाडीला ताशी २५ नं तो चढायला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनकडून साधारण १४५ न्यूटन-मीटर लागतात, तेही ११४० आरपीएमला, जिथे टर्बो अजून जागा झालेला नाही आणि देण्यासारखं फार काही शिल्लक नाही. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये लागतात ९३, आरपीएम १८०० च्या जवळ, आणि तिथे इंजिनकडे १९५ तयार आहेत. म्हणजे एकीकडे इंजिन कड्याच्या टोकावर, दुसरीकडे निम्मी ताकद राखून. चढायला लागणारं काम दोन्हीकडे तेवढंच.

इथे एक गैरसमज व्हायला नको. तिसरा गिअर या चढाला चालतच नाही असं नाही. पहाटे रस्ता मोकळा असेल, गाडी चाळीसच्या वेगानं पायथ्याला आली आणि वर पस्तीसला टिकली, तर तिसऱ्यात काटा १६०० ला असतो आणि गाडी मजेत जाते. तात्या कधीकधी तसेच जातात. पोराचा तिसरा चुकला नव्हता, पंचवीसचा तिसरा चुकला होता.

काटा वर का जातो, दिवा का पेटतो

रेडिएटरचा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनच्याच पट्ट्यांवर चालतात. इंजिन हजारला ढबढबतंय म्हणजे पंप हळू, पंखा हळू. गाडीही तेवीसनं चाललीय, म्हणजे समोरून येणारी हवाही नाही. आणि सिलिंडरमध्ये मात्र जेवढं जाळता येईल तेवढं डिझेल जळतंय. उष्णता पूर्ण, ती बाहेर न्यायची सोय अर्धी. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला पंप आणि पंखा दीड पटीहून थोडे जास्त फिरतात. ‘इंजिन ओरडतंय, गरम होईल’ ही भीती चढावर उलटी ठरते ती यामुळे.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळी गाळणारी जाळी. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांवर ही जाळी सर्रास आली. जाळी भरत आली की गाडी आपणहून धुराचं तापमान वाढवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी काही वेळ एका लयीत, बरा आरपीएम धरून गाडी चालायला हवी. कमी फेऱ्या, जास्त ओझं, हवा अपुरी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काजळी भरपूर तयार होते. आणि परतीला माजिवड्याच्या गर्दीत ती जाळायला निवांत वेळ मिळत नाही. जाळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल वापरते, म्हणजे एव्हरेज तिथेही पडतो. डिझेल वाचवायचा नियम डिझेल खात होता तो असा.

काय बदललं

मालकांना आकडे दाखवले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. “म्हणजे आता सगळ्यांना अडीच हजारला गिअर टाकायला सांगू?” माणसाला एक आकडा हवा असतो. तो देणं सोपं आहे, पण तेच तर इथलं दुखणं.

भरलेल्या गाडीला सपाटीवर पुरेसं साधं सांगता येतं. नवा गिअर पडला की काटा १४०० च्या वर बसला पाहिजे, बस. तो बसावा म्हणून पहिला २५०० ला सोडावा लागतो, दुसरा २३०० ला, तिसरा २२०० ला, चौथा दोन हजारला चालतो. किलोमीटरमध्ये म्हणायचं तर वीस, बत्तीस, अठ्ठेचाळीस, बासष्ट. पोरानं हे दोन दिवसांत हातात बसवलं. रिकाम्या गाडीला यातले तीन-चारशे आरपीएम सगळीकडून कमी करा, डिझेल वाचेल आणि काही बिघडणार नाही. म्हणजे मालकाचा जुना मेसेज परतीच्या फेरीपुरता जवळजवळ शिल्लक राहिला. त्यावर ते जरा सुखावले.

चढाला मात्र वेगळा विचार लागतो, कारण चढावर गिअर बदलताना गाडी थांबून वाट बघत नाही. क्लच दाबला की त्या क्षणापासून वेग गळायला लागतो. सहा टक्क्यांच्या चढावर भरलेली गाडी सेकंदाला अडीच किलोमीटरनं हळू होते. गिअर बदलायला दीड सेकंद लागला तर जवळपास चार किलोमीटर गेले. पोराचा तीसचा सव्वीस झाला तो असा. म्हणून खालचा गिअर गाडी दमल्यावर नाही, दमायच्या आधी पाडायचा. गायमुखला पुढे कंटेनर दिसला, वेग बत्तीसच्या खाली चालला, की तिथेच दुसरा. काटा दोन हजारच्या आसपास येतो, गाडी एकदम हलकी वाटते, आणि मग माथ्यापर्यंत हात दांड्यावरून काढून स्टिअरिंगवर.

वर जायचा मोह मधल्या वळणावर होतो. तिथे चढ जरा सैल पडतो, इंजिन मोकळं होतं, आणि हात आपोआप तिसऱ्याकडे जातो. मी पोराला सांगितलं, दुसऱ्यात काटा २६०० च्या पुढे गेला तरच विचार कर. सदतीसचा वेग होतो, चार गळाले तरी तेहतीस उरतात, तिसऱ्यात १५०० पडतात. आणि तिसरा घेतल्यावर रेस थोडी हातची राहते का बघ. पाय पूर्ण खाली घालूनच वेग टिकत असेल तर तो गिअर तुझा नाही, परत ये. २६०० ऐकून तो घाबरला होता. या इंजिनची पूर्ण पॉवर ३२०० ला आहे, लाल पट्टा त्याच्याही वर. काही मिनिटं २६०० ला चालल्यानं काही होत नाही, हे त्याला चार वेळा सांगावं लागलं, आणि पटलं ते तापमानाचा काटा मधून हलला नाही तेव्हा.

उताराची सवयही सोडवावी लागली. माथ्यावरून फाउंटन हॉटेलच्या बाजूला उतरताना तो न्यूट्रल करायचा, तेही एव्हरेजसाठीच. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की आजची इंजिनं डिझेल तोडूनच टाकतात, थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर दीड टन कांद्यासह सगळी गाडी नुसत्या ब्रेकवर. ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण इथे जशीच्या तशी लागू पडते.

गर्दीतल्या चढावर गाडी अर्ध्या क्लचवर झुलवत ठेवणं बंद. हँडब्रेक ओढ, पुढचा ट्रक हलला की पहिल्यात उठव. भरलेली गाडी दुसऱ्यात उठवायची नाही, मग ती किंचित पुढे सरकत असली तरी नाही. क्लच प्लेट बदलावी लागलीच, त्याला इलाज नव्हता. तो खर्च मालकानं पोराच्या पगारातून कापायचा विषय काढला होता. मी म्हटलं, मग मेसेज पाठवणाऱ्याच्या पगारातूनही कापा. ते हसले, विषय संपला.

बक्षिसाचा प्रश्न

मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात घातक वाटलं ते एव्हरेजचं बक्षीस. ड्रायव्हर वाईट म्हणून नव्हे, बक्षीस चुकीच्या गोष्टीला मिळत होतं म्हणून. टाकी ते टाकी हिशेबात भरलेली फेरी आणि रिकामी फेरी मिसळून जाते, गायमुखला तासभर अडकलेला दिवस आणि सरळ निघालेला दिवस मिसळून जातो. मुंब्रा बायपासला माल टाकणारा आणि वाशीतल्या वाशीत फिरणारा यांची तुलना होते. अशा बक्षिसामागे धावणारा ड्रायव्हर हातात असलेली एकच गोष्ट करणार, गिअर लवकर टाकणार. घाटाच्या रस्त्यावरच्या गाड्यांना ते बक्षीस आता नाही. त्याऐवजी क्लच प्लेट किती चालली आणि गाडी गरम होऊन किती वेळा थांबली, यावर वर्षाकाठी काही देऊ असं मालक म्हणतायत. देतील तेव्हा खरं.

गाडी घाटात गरम व्हायची थांबली. दिवा पेटतो, पण पूर्वीसारखा सारखा नाही, आणि पेटला तर पोरगा परतीला द्रुतगती मार्गावर टॉपऐवजी चौथ्यात एका लयीत चालवून तो विझवतो. डिझेलचा खर्च वहीत थोडा उतरलेला दिसतो. त्याचं सगळं श्रेय मी गिअरला देणार नाही. याच दरम्यान पाऊस संपला, रस्त्यावरचे खड्डे बुजवले गेले, नवी क्लच प्लेट पडली, रेडिएटर साफ झाला. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर कशानं किती वाचलं हे वहीवरून सांगता येत नाही. तापमानाच्या काट्याबद्दल मात्र मी ठाम आहे. रेडिएटर साफ झाल्यावरही जुन्या पद्धतीनं तो वर गेला होता, माझ्या डोळ्यांदेखत.

पोराशी मालकांनी माफीबिफीची भाषा केली नाही. टाकीचं कुलूप काढलं, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी नवे आकडे उत्साहानं सगळ्या ड्रायव्हरांना फॉरवर्ड केले. त्यांच्याकडे एक लहान गाडीही आहे, दीड लिटरचं इंजिन, महापे एमआयडीसीत खोकी पोचवते. तिच्या ड्रायव्हरचा मला फोन आला. “साहेब, चौदाशेवर आमची गाडी जागची हलत नाही. शिळफाट्याच्या चढाला तर धापा टाकते.” बरोबरच होतं. त्या इंजिनची ओढ सुरूच होते १८०० नंतर, गिअरांची गुणोत्तरं वेगळी, टायर लहान. तिला नवा गिअर १८०० च्या वर पडायला हवा, म्हणजे सोडायचा आकडा तीन हजारच्या आसपास जातो, आणि हे ऐकून मालकांच्या कपाळावर पुन्हा आठ्या. त्या गाडीचं गणित वेगळं मांडून दिलं. आता प्रत्येक गाडीच्या सनशेडवर तिचे स्वतःचे आकडे चिकटवलेत, भरलेल्या फेरीचे एका रांगेत, रिकामीचे खालच्या रांगेत.